भिकीची तांबडी आणि मूळ कलाकार

प्रत्येक कलाकृतीला मूळ असते आणि ते बहुधा शेजाऱ्याच्या परसात सापडते, याबद्दल जाणकारांत दुमत नाही. मतभेद आहे तो फक्त नावाचा. आपण शेजाऱ्याच्या परसात शिरलो तर ती प्रेरणा. शेजारी आपल्या परसात शिरला तर ती चोरी. कासा येथील ‘धनेश डिजिटल आर्ट’चे मालक, मुख्य कलाकार आणि (लाईट गेल्यावर) स्वतःला पुठ्ठ्याने वारा घालणारे एकमेव कर्मचारी श्री. धनेश यांनी हा सूक्ष्म फरक कुठल्याही कला महाविद्यालयाची पायरी न चढता आत्मसात केला होता.

धनेशचे दुकान जीपस्टँडच्या मागे, सुकट विकणाऱ्या बायांच्या रांगेला लागून होते. वाढदिवस, लग्न, दहावी पास, भावपूर्ण श्रद्धांजली असे चारही प्रकारचे बॅनर तेथे तयार होत. छपाई वापीला होई, प्रतिभा मात्र कासाची. काम करण्याची त्याची पद्धत शिस्तबद्ध होती. सकाळी कॉम्प्युटरला अगरबत्ती ओवाळायची, नेटवर दुसऱ्या कोणाचा तरी बॅनर शोधायचा, तो उतरवून घ्यायचा, मूळ माणसाचे डोके काढायचे आणि गिऱ्हाइकाचे बसवायचे. डोके बसवताना मान जुळली तर उत्तम, नाही जुळली तर हार घालायचा. एकदा चारोटीच्या एका भाऊंच्या बॅनरवर, भाऊंच्या खांद्यावर तिसराच हात राहून गेला. हात साताऱ्याकडच्या कुणा अनोळखी गृहस्थाचा होता. भाऊंनी तो आपल्या पाठीशी उभ्या असलेल्या वरिष्ठांचा हात आहे असे मानले आणि आणखी दोन बॅनर मागवले. प्रेरणेचे असे असते. ती घेणाऱ्यालाही फळते आणि देणाऱ्याला त्रास होत नाही, कारण त्याला कळतच नाही.

२०१६च्या उन्हाळ्यात धनेशच्या आतेबहिणीचे, रविनाचे लग्न पाड्यावर झाले. कमळी ही धनेशची आत्या आणि रविनाची आई. आसपासच्या पाड्यांत लग्नाचा चौक लिहायला तिलाच बोलावतात. (चौक काढत नाहीत, लिहितात. ‘काढतात’ असे फक्त शहरातली पुस्तके म्हणतात.) गेरूने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठात चावलेली बांबूची काडी बुडवून सवाशिणी चौक लिहितात. मध्ये देवी, भोवती झाडे, माणसे, तारपा फुंकणारा आणि त्याच्याभोवतीचा नाच. शिवाय त्या घरचे जे असेल ते. रविनाचा चौक लिहायला कमळी दोन रात्री बसली; त्यात तिने लेकीची शिवणाची मशीन आणि जावयाचा टेम्पोही लिहिला. चौकाखाली कोणी नाव घालत नाही. लग्न कोणाचे आहे ते पाड्याला माहीत असते, तेवढे पुरते.

त्या दुपारी जेवायला माणसे वाढली. नवऱ्याकडची मंडळी एका टेम्पोची सांगितली होती, दोन टेम्पोंनी आली. धनेशला हुकूम झाला, “पोरा, एक कोंबडी धर. जी गावेल ती.” धनेशला शेजारच्या भिकीच्या परसातली तांबडी गावली. ती सहजासहजी गावली नाही हे तिच्या बाजूने नमूद केले पाहिजे. ती लग्नघराच्या ओट्यावर पळाली, पिठाच्या वाडग्यात उतरली, तेथून उडून थेट चौकाच्या भिंतीला धडकली आणि तेथे धनेशच्या हाती लागली. भिंतीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तिचे दोन पाय उमटले. एक तीन बोटांचा, एक दोन बोटांचा. तिचे एक बोट लहानपणीच मुंगसाने नेले होते.

बाया ओरडल्या. कमळी मात्र हसली. “राहू द्या. चौकावर उमटलं ते उमटलं, पुसत नाय,” ती बोलली. धनेशने ते उमटलेले पाय पाहिलेच नाहीत. त्याचे लक्ष कोंबडीकडे होते. संध्याकाळी भिकी दारोदार विचारत आली, “माझी तांबडी कोणी बघली का?” तेव्हा धनेशच्या तोंडात रस्सा होता, म्हणून त्याने नुसती मान हलवली. भिकीने अंधार पडेपर्यंत हाका मारल्या. ती एकटी राहणारी बाई; तांबडी रोज तिच्या चुलीशेजारी अंडे घालायची आणि अंडे घातल्यावर तिच्याशी बोलायची, असे भिकीचे म्हणणे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपची वाट बघताना धनेशने मोबाईलवर चौकाचा फोटो काढला. दुकानात येऊन तो कॉम्प्युटरवर घेतला, एक बटण दाबले, आणि कमळीच्या दोन रात्री यंत्राने एका दमात गिरवून दिल्या. शिवणाची मशीन आणि टेम्पो त्याने खोडले. परंपरेत ते शोभेनात. खालच्या कोपऱ्यातली ती नक्षी शोभत होती, ती राहिली. जे बटणाने गिरवले त्याकडे पुन्हा निरखून बघायची या धंद्यात पद्धत नाही. फाईलला ‘वारली फायनल’, मग ‘वारली फायनल दोन’ आणि शेवटी ‘वारली खरी फायनल’ असे नाव पडले, आणि तळाशी बारीक अक्षरांत उमटले: संकल्पना व निर्मिती, धनेश.

कॉम्प्युटरवर गिरवलेल्या गोष्टीला पाय फुटतात, आणि या गोष्टीला तर आधीच दोन होते. पाहता पाहता ती लग्नपत्रिकांवर गेली, बोर्डीच्या रिसॉर्टच्या जेवणघरात गेली, पडद्यांवर, उशांच्या अभ्र्यांवर, पाण्याच्या बाटल्यांवर आणि चिकूच्या वड्यांच्या खोक्यावर गेली. रिसॉर्टच्या शेठने ती पाहून “बहु सरस” म्हटले आणि खोलीचे भाडे वाढवले. मुंबईच्या सुषमाताई, ज्या आदिवासी कलेच्या अभ्यासक आहेत आणि अभ्यासासाठी दर थंडीत बोर्डीला उतरतात, त्यांनी कोपऱ्यातल्या त्या दोन खुणांवर लेखच लिहिला. तीन रेषा आणि दोन रेषा मिळून पाच होतात. म्हणजे ही पंचमहाभूते. म्हणजे निसर्ग आणि मानव यांचे आदिम नाते. लेख फार वाचला गेला. ज्यांनी वाचला त्यांनी तो आपल्या नावाने पुढे पाठवला.

अशा सुखात दीड-दोन वर्षे गेली आणि एके दिवशी तलासरीला जाताना धनेशला महामार्गावरच्या एका ढाब्याच्या भिंतीवर आपला चौक दिसला. गेरूच्या जागी निळा रंग होता, बाकी सारे तेच. खाली लिहिले होते: दिपक क्रिएशन, तलासरी. आपल्या घामाचे कोणी असे केले की कसे वाटते ते धनेशला आयुष्यात पहिल्यांदा कळले, आणि हे दुःख जगात आपल्याआधी कोणालाच झालेले नाही याबद्दल त्याची खात्री पटली. त्याने तिथूनच फोन लावला.

“दिपक, तू माझी डिझाईन चोरली.”

“चोरली कुठं? व्हॉट्सअॅपवर आली.”

“कोणी टाकली?”

“तूच टाकली ना ग्रुपवर. खाली हात जोडलेलेपण होते.”

“मी बघायला टाकलेली, घ्यायला नाय!”

या एका वाक्यात कलाहक्काचा सगळा कायदा येतो. त्यावर उभारणी करण्यासाठी धनेशने पुढच्याच महिन्यात ‘डहाणू-तलासरी डिजिटल कलाकार संघ’ स्थापन केला. नक्कल करणाऱ्यांना आळा घालणे हा त्याचा एकमेव उद्देश. संघाची घटना फार घाईत हवी होती म्हणून ती नाशिककडच्या एका द्राक्ष बागायतदार संघाकडून घेण्यात आली, आणि नाव तेवढे बदलण्यात आले. त्यामुळे ‘सभासदाने शेजाऱ्याच्या बागेत फवारणी करू नये’ हे सातवे कलम तसेच राहिले. पहिल्या सभेत त्यावर दीर्घ चर्चा झाली आणि फवारणी म्हणजे दुसऱ्याच्या चित्रावर आपले नाव टाकणे, असा अर्थ लावून ते एकमताने मंजूर झाले. ‘गारपिटीत नुकसान झाल्यास’ हे कलम व्हायरसला लागू करण्यात आले. संघाने एक पाहणीही केली. तिच्यानुसार सर्व सभासदांचे सर्व काम मूळ आहे आणि सर्व सभासदांचे सर्व काम चोरीला गेले आहे. चोरणारे मात्र पाहणीत आढळले नाहीत.

येथवर सगळे ठीक होते. पण २०१८च्या अखेरीस ‘सागरडोंगर वारसा प्रतिष्ठान’ या संस्थेने (सुषमाताई तिच्या अध्यक्ष, रिसॉर्टचे शेठ तिचे आश्रयदाते) डहाणू-तलासरीच्या ‘मूळ कलाकारा’ला सन्मान देण्याचे जाहीर केले. सन्मानाबरोबर बोर्डीच्या नव्या रिसॉर्टच्या सगळ्या भिंतींचे काम मिळणार होते, आणि प्रत्येक भिंतीवर कलाकाराचे नाव राहणार होते. धनेशला ते नाव हवे होते. आजवर त्याने हजारो माणसांची नावे दहा फुटी अक्षरांत लिहिली होती. स्वतःचे त्याला कायम तळाशी, मुंगीएवढे घालावे लागले होते. हे दुःख खरे होते, आणि ते खरे होते म्हणूनच पुढे जे झाले त्याची कीव येत नाही, चीड येते.

सन्मानासाठी दोन अर्ज आले. एक धनेशचा, एक दिपकचा. दोन्हींसोबत एकच चित्र होते, एक तांबडे आणि एक निळे. तेव्हा खरा कलाकार कोण याचा निवाडा समारंभातच, जाहीरपणे करण्याचे ठरले. डहाणूला हॉल घेतला. व्यासपीठामागे त्या चित्राचा तीस फुटी फ्लेक्स लावला. समारंभाला लोकजीवनाचा स्पर्श असावा म्हणून पाड्यावरून दोन जीप भरून बाया आणल्या. त्यांनी सुरुवातीला तारप्यावर नाचायचे आणि मग शेवटच्या रांगेत बसून परंपरा म्हणून दिसायचे, असे त्यांना सांगण्यात आले. त्या बायांत कमळी होती, आणि भिकीही होती.

धनेशची तयारी चोख होती. तो उठला आणि फ्लेक्सच्या खालच्या उजव्या कोपऱ्याकडे बोट करून म्हणाला, “या दोन खुणा कुठल्याच जुन्या वारली चित्रात नाहीत. का? कारण ही माझी सही आहे. माझ्या मनातून आलेली. दिपकला विचारा, त्याच्या चित्रात ही कशी आली?”

“पहिल्यापासून होती,” दिपक म्हणाला, आणि हॉल हसला.

सुषमाताईंनी धनेशला खुणांचा अर्थ विचारला. धनेशने त्यांचा लेख पाठ केला होता. तीन आणि दोन पाच, पंचमहाभूते, आदिम नाते. सुषमाताईंचे डोळे भरून आले. “मी अगदी हेच लिहिलं होतं!” त्या म्हणाल्या. आपले मत कलाकाराच्या तोंडून जसेच्या तसे निघावे यापेक्षा अभ्यासकाला आणखी काय हवे?

शाल उलगडली गेली. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून भिकी उठली आणि परंपरेसाठी आखून दिलेली जागा सोडून सरळ फ्लेक्सपाशी चालत आली. खाली वाकून तिने त्या दोन पायांवरून हात फिरवला. छापलेले पाय तिच्या गुडघ्याएवढे होते.

“ही माझी तांबडी,” ती बोलली. “हे बघा, बोट नाय. मुंगसानं नेलं तवा मीच हळद भरलेली.” मग ती धनेशकडे वळली. “कुठंय ती? रविनाच्या लग्नाच्या दिसापासून मी तिला शोधते.”

कित्येक महिने चित्र कोणाचे यावर वाद चालला होता आणि कोणाची झोप मोडली नव्हती. पण कोंबडी कोणाची, हा प्रश्न डहाणूपासून तलासरीपर्यंत प्रत्येकाला लगेच कळतो. मागच्या रांगेत, हा तर रविनाच्या लग्नातल्या भिंतीवरचा चौक, अशी कुजबूज सुरू झाली. धनेशला ते वाडगे, ती भिंत, ती हातात फडफडलेली तांबडी, सारे एकदम आठवले, आणि रश्श्याची चवही आठवली. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही; येथे तर कोंबडी तीस फुटांची होऊन आली होती.

सुषमाताईंनी विचारले, “म्हणजे त्या भिंतीवर मूळ चित्र होतं? ते कोणी काढलं?”

“मी लिहिलं,” कमळी जागेवरूनच बोलली.

“तुमच्या मनाने?”

“मनानं कशाला? माझ्या सासूचं बघून. ती तिच्या सासूचं बघून लिहायची. पण रविनाची मशीन मीच लिहिली, ती इथं दिसत नाय.”

“मूळ फाईल आहे का तुमच्याकडे?”

“भिंत होती. पावसाळ्यात धुपली, मग सारवली.”

प्रतिष्ठानने याची गंभीर नोंद घेतली. सदर महिलेने दुसऱ्याचे पाहून चित्र केल्याचे भर सभेत कबूल केले आहे आणि मूळ प्रत सांभाळलेली नाही. डिजिटल कलाकार संघाने तिला सातव्या कलमाखाली तोंडी ताकीद दिली. सबंध तालुक्यात नक्कल कबूल करणारी ती एकटीच निघाली, तेव्हा शिक्षाही एकटीलाच झाली, हे न्यायाला धरूनच होते. कमळीला ताकीद म्हणजे काय ते कळले नाही. सांगणाऱ्याला लाज वाटली नाही, आणि ऐकणाऱ्या हॉलने तर टाळ्या वाजवल्या.

राहिला धनेश. त्याची अडचण अशी होती: खुणा कोंबडीच्या आहेत म्हणावे तर सही जाते आणि सन्मान जातो, सही आपली आहे म्हणावे तर बोटांचा हिशेब लागत नाही. त्याने क्षणभर डोळे मिटले. आणि मग, हे मान्य केलेच पाहिजे, आयुष्यात पहिल्यांदा त्याला कोठूनही न उतरवलेली कल्पना सुचली.

“कोंबडी मीच धरली होती,” तो म्हणाला. “मुद्दाम. पिठात बुडवून भिंतीवर मीच उमटवली. ती माझी काडी होती. माध्यम: जिवंत कोंबडी.”

सुषमाताई खुर्चीतून उठल्या. असा प्रयोग परदेशात होतो, आपल्याकडे पहिल्यांदाच, असे त्या म्हणाल्या. शेठ “बहु सरस” म्हणाले. शाल पडली, नारळ आला, फोटो निघाले. दिपकने, आपणही लवकरच बदकावर काम करणार असल्याचे, जाता जाता पत्रकारांना सांगितले.

भिकी अजून फ्लेक्सपाशीच उभी होती. तिचेही काही करायला हवे म्हणून शेठनी माणूस पाठवून बाजारातून कोंबडी आणवली. तांबडीच होती, अंगाने भरलेली. धनेशने ती स्वतः भिकीच्या हातात दिली, कॅमेऱ्याकडे बघत.

भिकीने कोंबडी उलटी धरून तिचे पाय पाहिले. बोटे पुरी होती.

“ही नाय,” ती बोलली.

“अगं काकी, तशीच आहे. रंगपण तोच.”

“तशी नको. तीच पाहिजे.”

एवढे मोठे प्रतिष्ठान, एवढा मोठा संघ, एवढे अभ्यासक. मूळ म्हणजे काय ते त्या दिवशी त्या हॉलमध्ये एवढ्या एकाच वाक्यात बोलले गेले, आणि त्या वेळी सगळे वडे खायला बाहेर गेले होते. भिकीने कोंबडी खुर्चीच्या पायाला बांधून ठेवली आणि ती परतीच्या जीपमध्ये जाऊन बसली. कमळी तिच्या शेजारी बसली.

पुढच्या उन्हाळ्यात पाड्यावर पुन्हा एक लग्न निघाले आणि कमळी चौक लिहायला बसली. संघाचा एक सभासद पाहणीला येऊन गेला. चौक श्री. धनेश यांच्या सन्मानप्राप्त कृतीशी बराच मिळताजुळता आहे, मात्र कोपऱ्यातली सही नसल्यामुळे ती अपुरी नक्कल ठरते, सबब या खेपेस कारवाई करू नये, असा शेरा त्याने मारला. कमळीने त्याला चहा दिला.

बोर्डीच्या रिसॉर्टच्या प्रत्येक भिंतीवर आता धनेशचे नाव आहे. त्याचे चित्र तर त्याहूनही दूर गेले आहे, कारण चांगल्या गोष्टी पुढे पाठवायची आपल्याकडे जुनी सवय आहे. भिकी मात्र अजून विचारत फिरते, आणि जो कोणी धनेशला हसेल त्याच्यासाठी एवढेच सांगणे आहे. उठा आणि घरातले ते हौसेने घेतलेले काहीतरी बघा: कॉफीचा मग, पडदा, कापडी पिशवी, दिवाळीच्या शुभेच्छांचे चित्र, मुलीच्या लग्नाची पत्रिका. बरोबर, वारलीचेच. खालचा उजवा कोपरा पाहा. तीन बोटांचा एक पाय दिसेल आणि शेजारी दोन बोटांचा.

दिसला? मग भिकी दारात येईल तेव्हा मान हलवण्याआधी तोंड पुसून घ्या.